ब्रेडी की मोंटाना, आणि ज्यांच्या हाती चेंडूच दिला नाही ते

प्रश्न : माझा मुलगा बोस्टनजवळ राहतो, लेक-जावई सॅन होजेला. सगळे एकत्र जमले की मुलगा आणि जावई अमेरिकन फुटबॉलवरून हमरीतुमरीवर येतात. मुलाच्या मते टॉम ब्रेडीसारखा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, संघाच्या चढाईचा सूत्रधार) झाला नाही, जावयाच्या मते जो मोंटानासारखा. गेल्या दिवाळीत या वादापायी फराळ तसाच ताटात राहिला. सहा महिने इथे राहून मलाही खेळ थोडाफार कळू लागलाय. खरं कोणाचं?
— एक वाचक, नाशिक (सध्या मुक्काम सॅन होजे)

उत्तर : ताई, पुढच्या वेळी वाद सुरू झाला की दोघांना आधी ही हकीकत सांगा. १० जानेवारी १९८२. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क, समोर डॅलसचा संघ, शेवटचं मिनिट. तिघं अंगावर धावून येतायत आणि मोंटाना उजवीकडे पळता पळता इतका उंच पास टाकतो की चेंडू बाहेरच जाणार असं वाटावं. ड्वाइट क्लार्कनं उडी मारून तो बोटांच्या टोकांवर झेलला. २८–२७. त्या दिवशी प्रेक्षकांत सॅन मटेओचा एक चार वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर आला होता. तो टॉम ब्रेडी. तुमच्या मुलाचं दैवत लहानपणी तुमच्या जावयाच्या दैवतासाठी टाळ्या पिटत होतं.

आता माझं मत. पूर्ण कारकीर्द तोलायची तर ब्रेडी. पण एकच सामना आहे, हरलो तर सगळं संपलं, आणि क्वार्टरबॅक मला निवडायचाय, तर मी मोंटानाला निवडेन.

ब्रेडीचे आकडे तुमच्या मुलाला पाठ असतीलच. दहा सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, खेळला, सात जिंकला. नेहमीच्या हंगामात मिळून पासांचे ८९,२१४ यार्ड आणि ६४९ टचडाऊन पास (समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवून सहा पॉइंट मिळवून देणारे). मला त्याहून मोठी वाटते ती त्याची सुरुवात. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव १९९ व्या क्रमांकावर आलं. पुढच्या वर्षी त्याच्या न्यू इंग्लंड संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जायबंदी झाला नसता तर याला संधी कधी मिळाली असती कोण जाणे. जावई म्हणतील, सगळं प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचं कर्तृत्व. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग २०२० मध्ये ब्रेडी टँपा बेला गेला आणि पहिल्याच हंगामात, त्रेचाळिसाव्या वर्षी, सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीला ३१–९ असं हरवून मोकळा झाला. बेलिचिक यांनी त्याच्यामागे न्यू इंग्लंडला चार हंगाम काढले आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, एकदाच पाहिली. त्या दिवसापासून मी तो मुद्दा सोडून दिला.

जावई २००२ च्या जानेवारीतला ओकलंडविरुद्धचा बर्फातला सामनाही काढतील. ब्रेडीच्या हातून चेंडू सुटला होता, पण 'टक रूल' नावाच्या नियमानं तो अपुरा पास ठरला, चेंडू न्यू इंग्लंडकडेच राहिला आणि ते वाचले. तो नियम २०१३ मध्ये रद्द झाला. तक्रार रास्त आहे. पण नंतर त्याच बर्फात ॲडम व्हिनातिएरीनं ४५ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली, ती काही कुठल्या नियमानं दिलेली नव्हती.

मग मोंटाना का? चार सुपर बोल, चारही विजय, अकरा टचडाऊन पास आणि एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं झेललेला पास) नाही. जानेवारी १९८९ मध्ये सिनसिनाटीविरुद्ध तीन पॉइंटनी मागे असताना, जेमतेम तीन मिनिटं उरली असताना, त्यानं संघाला ९२ यार्ड नेलं आणि ३४ सेकंद शिल्लक असताना जॉन टेलरला पास दिला. मी तो सामना उभ्यानं पाहिला. त्याच्या हालचालीत घाई म्हणून नव्हती. स्वयंपाकाला सरावलेली बाई पन्नास पानांची पंगत आली तरी शांतपणे पीठ मळत बसते, तसं वाटत होतं.

आणि तो खेळला तेव्हा क्वार्टरबॅकला आजच्यासारखं नियमांचं कवच नव्हतं. २० जानेवारी १९९१ चा सामना आठवतो. आम्ही न्यू जर्सीकर, म्हणजे न्यू यॉर्क जायंट्स या संघाचे. शेवटच्या सत्रात लेनर्ड मार्शल मागून आला आणि मोंटानावर असा आदळला की तो बराच वेळ उठेना. जायंट्स १५–१३ जिंकले, पण तो पडलेला असताना आमच्या दिवाणखान्यात एकानंही टाळी वाजवली नाही. पुढचा अख्खा हंगाम आणि त्याच्या पुढचाही जवळजवळ पूर्ण हंगाम मोंटाना कोपराच्या दुखापतीनं बाहेर होता. याउलट २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला, तर २००९ पासून जमिनीवर पडलेल्या खेळाडूनं क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घ्यायची नाही असं ठरलं. ब्रेडी पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला, त्यात त्याची शिस्त आहेच, पण हे कवचही आहे. आपल्याकडे गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद घालताना हेल्मेटचा विषय निघतोच ना? इथेही तो निघायला हवा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, रात्री जागून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) बघतो. मित्र म्हणतात, क्वार्टरबॅक डॅन मरिनोनं एकही सुपर बोल जिंकला नाही, म्हणजे तो महान नाही. पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुला पटत नाही, ते योग्यच आहे. मित्रांना क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरबद्दल विचार. २००१ च्या जानेवारीत तो बाल्टिमोरकडून सुपर बोल जिंकला, आणि जिंकल्यावर संघानं त्याला सोडून दिलं. संघाला ठाऊक होतं की तो किताब मुख्यतः बचावफळीनं मिळवलाय. जेतेपदंच मोजायची तर डिल्फर मरिनोच्या वर बसेल. असं म्हणणारा माणूस मला चाळीस वर्षांत भेटलेला नाही.

मरिनोनं १९८४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ४८ टचडाऊन पास टाकले. त्याआधीचा एका हंगामाचा विक्रम ३६ चा होता. यार्ड ५,०८४. पाच हजारांपलीकडे तोवर कुणी गेलं नव्हतं, आणि तो आकडा मागे पडायला २०११ साल उजाडलं. १९७८ मध्ये पास झेलणाऱ्यांना धक्काबुक्की करण्यावर बंधनं आली, ती सगळ्यांसाठी आली होती. त्या मोकळ्या रानात इतक्या लांब धावला तो एकटा मरिनो. त्या हंगामाचा सुपर बोल तो मोंटानाच्या संघाशी ३८–१६ हरला आणि पुन्हा तिथवर पोहोचला नाही. संघात त्रेपन्न माणसं असतात रे. क्वार्टरबॅक स्वतः बचाव करत नाही.

प्रश्न : जायंट्सचा माजी क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीच्या, लायकीचा आहे का? घरात दोन तट आहेत.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आहे. नेहमीच्या हंगामात ११७ विजय आणि ११७ पराभव, हे खरं. पण सुपर बोलमध्ये ब्रेडीला दोनदा हरवलं, आणि त्यातला पहिला संघ तोवर एकही सामना न हरलेला. दोन्ही वेळा सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ईलायच.

प्रश्न : या महानतेच्या याद्यांमध्ये जुने कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक फारसे दिसत नाहीत. ते कमी पडले की आणखी काही कारण आहे?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून मी कित्येक महिने वाट पाहत होते.

ते कमी पडले नाहीत. त्यांना ती जागाच दिली गेली नाही. डोकं चालवायची जागा म्हणून ती गोऱ्यांसाठी राखलेली असे, आणि कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय मुलाला "तुझे पाय चपळ आहेत" असं सांगून दुसरीकडे पाठवलं जाई. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरकडून खेळला, पहिल्याच वर्षी चौदा टचडाऊन पास टाकले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी झगडायचीही संधी मिळाली नाही. तो बफेलोला जाऊन पास झेलणारा झाला, आणि त्यातही उत्तम झाला. वॉरन मून १९७८ च्या जानेवारीत कॉलेज संघांचा रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून आला होता, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, ओळीनं पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं जेतेपद) जिंकला आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनला परतला. तरीही एनएफएलमध्ये त्याचे ४९,३२५ यार्ड झाले. कॅनडातली सहा वर्षं त्यात मिळवा, मग यादी करा. ब्रेडी-मोंटानाच्या वादात माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. ज्यांना खेळू दिलं त्यांच्यातच आपण पहिला-दुसरा लावतो.

३१ जानेवारी १९८८. नेवार्कजवळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझी संध्याकाळची पाळी होती. ब्लड बँकेत एक ज्येष्ठ सहकारी होते, मूळचे जॉर्जियाचे. शाळेत ते क्वार्टरबॅक होते. कॉलेजात पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी त्यांना बचावात उभं केलं. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं, पण हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

विश्रांतीच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर सुपर बोल चालू होता. वॉशिंग्टनचा डग विल्यम्स, सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. समोर डेन्व्हर. पहिलं सत्र संपताना वॉशिंग्टन १०–० मागे, त्यात विल्यम्सचा गुडघा मुरगळला आणि तो बाहेर गेला. सहकारी काही न बोलता उठले आणि नमुने बघायला आत निघून गेले.

दुसऱ्या सत्रात विल्यम्स परत आला. रिकी सँडर्सला ८० यार्डांचा पास, टचडाऊन. मी धावत जाऊन त्यांना बोलावून आणलं. मग गॅरी क्लार्क, पुन्हा सँडर्स, मग क्लिंट डिडियर. त्या एका सत्रात त्याचे चार टचडाऊन पास आणि वॉशिंग्टनचे ३५ पॉइंट. सामना ४२–१० असा संपला.

ते सगळा वेळ दाराच्या चौकटीला धरून उभे होते, हातमोजे तसेच. तिसऱ्या टचडाऊननंतर माझ्याकडे न बघता त्यांनी त्या कॉलेजची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "माझ्या मुलाला फोन करायला पाहिजे." रुग्णालयाच्या फोनवरून बाहेर फोन करायला परवानगी नव्हती. आमच्या मुख्य बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनीच फोन उचलून त्यांच्या हातात दिला.