घरची वीज आणि वायरमन : वाचकांचे प्रश्न

घरातील विजेच्या दुरुस्तीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे वेगवेगळी असली तरी त्यांत एक शंका समान आहे : वायरमन येऊन गेला, वीज पुन्हा सुरू झाली, पण दुरुस्ती खरोखर झाली का? ही शंका रास्त आहे, कारण वीज पुन्हा येणे आणि दोष दूर होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : आमच्या मेन बोर्डवरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आठवड्यातून दोन-तीनदा पडत असे. बोलावलेल्या वायरमनने तो खराब असल्याचे सांगितले आणि त्याला वगळून थेट जोडणी करून दिली. तेव्हापासून काहीही त्रास नाही. तरीही मनात धाकधूक आहे. हे योग्य झाले का?

हे योग्य झाले नाही, आणि तुमची धाकधूक अगदी खरी आहे. बोर्डवरचे एमसीबी आणि आरसीसीबी दिसायला सारखे असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. वायरमधून तिच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह जाऊ लागला किंवा शॉर्टसर्किट झाले, तर एमसीबी पडतो. म्हणजे तो मुख्यतः वायर जळण्यापासून वाचवतो. आरसीसीबी फेजच्या तारेतून गेलेला आणि न्यूट्रलच्या तारेतून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. त्यांत फरक पडला, तर वाटेत कुठेतरी वीज गळते आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि ती गळती एखाद्या माणसाच्या शरीरातूनही होत असू शकते. घरगुती आरसीसीबी सहसा 30 मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडण्यासाठी बनवलेला असतो. शरीरातून साधारण 10 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की स्नायू आखडून हातातली वस्तू सोडणे अवघड होते, आणि त्याच्या काही पटींचा प्रवाह छातीतून काही क्षण गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी माणूस किती प्रवाहापर्यंत हातातली तार सोडू शकतो याचा प्रदीर्घ अभ्यास केला, आणि त्याच ध्यासातून 1961 मध्ये गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण तयार केले. तुमच्या घरातले हे संरक्षण काढून टाकले गेले आहे. 16 अँपिअरचा एमसीबी ही उणीव भरून काढू शकत नाही, कारण जीवघेणा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो.

आरसीसीबी स्वतः बिघडू शकतो, हे मान्य. पण तो बिघडला आहे हे तपासून दाखवावे लागते, आणि बिघडला असेल तर त्याच्या जागी नवा बसवावा लागतो. जाणता वायरमन आधी सगळ्या उपकरणांचे प्लग काढायला लावतो, एकेक सर्किट बंद-चालू करून कोणत्या वाटेवर आरसीसीबी पडतो ते शोधतो आणि मग त्या सर्किटच्या वायरची इन्सुलेशन चाचणी, म्हणजे तिच्या आवरणातून वीज गळते का याची तपासणी, घेतो. ही चाचणी मेगर नावाच्या यंत्राने, घरगुती जोडणीसाठी बहुधा 500 व्होल्टवर, घेतात आणि रोध किमान 1 मेगओहम यावा अशी अपेक्षा असते. दोष बहुतेकदा गीझरच्या कॉइलमध्ये, ओल लागलेल्या बाहेरच्या जोडणीत किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला जोडला गेल्यामुळे सापडतो. या शेवटच्या चुकीत कोणतेही उपकरण बिघडलेले नसते, म्हणून उपकरणे बदलत बसणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

तुम्ही दुसऱ्या वायरमनला बोलावून आरसीसीबी परत जोडून घ्या. त्यावरचे चाचणीचे बटण दर तीन ते सहा महिन्यांनी दाबून तो पडतो का ते पाहत जा. एक मर्यादाही ध्यानात असू द्या : एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर प्रवाहात फरक पडत नाही आणि आरसीसीबीला काही कळत नाही.

प्रश्न : आम्ही नव्या वस्तीत राहायला आलो आहोत आणि इथे ओळखीचे कोणी नाही. चांगला वायरमन कसा ओळखावा? परवाना पाहणे पुरेसे आहे का?

परवाना जरूर पाहावा, कारण अनेक ठिकाणी घरातील कायम स्वरूपाची वीजजोडणी करण्यासाठी तो कायद्याने आवश्यक असतो; पण तो पुरेसा नाही. परवाना एकाच्या नावाचा आणि काम करणारा हात दुसऱ्याचा, असे होते. म्हणून प्रत्यक्ष काम कोण करणार आहे, हे आधी विचारावे.

माझा आग्रहाचा सल्ला असा की, अडचण येण्याची वाट न पाहता आत्ताच एखादे लहान काम काढावे. सैल झालेला प्लग, कुरकुरणारा स्विच, असे काहीही चालेल. ते काम होत असताना शेजारी उभे राहून पाहावे. त्याने मेन बंद केला का? बंद केल्यानंतर तार खरोखर मृत आहे हे मोजून पाहिले का? घरात इन्व्हर्टर किंवा सौर जोडणी आहे का, असे त्याने न सांगता विचारले का? हा शेवटचा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानतो, कारण मेन बंद असतानाही इन्व्हर्टरच्या वाटेने तारेत वीज असते आणि नुसत्या मेन स्विचवर भरवसा ठेवणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो. स्वतःच्या जिवाची काळजी न घेणारा तुमच्या घराची काळजी घेईल, असे मला वाटत नाही.

त्याच्या पिशवीकडेही पाहावे. पेटणाऱ्या दिव्याचा टेस्टर सर्वांकडे असतो, पण तो फेज आहे की नाही एवढेच, आणि तेही खात्रीलायक नाही, असे सांगतो; न्यूट्रल तुटला आहे का किंवा अर्थिंग शाबूत आहे का, हे त्याला सांगता येत नाही. मल्टिमीटर नसलेला वायरमन अंदाजाने काम करतो. काम झाल्यावर काढलेला भाग परत मागावा आणि दोष नेमका काय होता हे विचारावे. ज्याला कारण सापडले आहे तो ते दोन वाक्यांत सांगू शकतो. कामाचा आणि वापरलेल्या वस्तूंचा तपशील लिहून घ्यायलाही संकोच करू नये.

प्रश्न : स्वयंपाकघरातील 16 अँपिअरचा एमसीबी वारंवार पडत होता. वायरमनने त्याजागी 32 अँपिअरचा बसवला. आता पडत नाही. वायर जुनीच आहे.

आजच तो बदलून घ्या. एमसीबीची क्षमता वायरच्या जाडीवरून ठरते. घरातील प्लगसाठी बहुधा वापरली जाणारी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ती कशी टाकली आहे त्यानुसार, साधारण 20 ते 25 अँपिअर प्रवाह सुरक्षितपणे वाहू शकते. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते, आणि ती ओलांडली की भिंतीच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, आवरण ठिसूळ होत जाते. जास्त भाराची उपकरणे एकाच सर्किटवर असतील तर त्यांच्यासाठी स्वतंत्र वायर ओढणे हाच उपाय आहे.

प्रश्न : एका रात्री अचानक काही दिवे लख्ख झाले, काही मंदावले, पंख्याचा वेग वाढला आणि थोड्याच वेळात टीव्ही बंद पडला. एकही एमसीबी पडला नाही. वायरमन सकाळी आला. अशा वेळी तो येईपर्यंत आम्ही काय करायला हवे होते?

तत्क्षणी मेन बंद करायला हवा होता. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे न्यूट्रल सैल झाल्याची किंवा तुटल्याची आहेत. न्यूट्रलचा आधार सुटला की निरनिराळ्या वाटांवरच्या उपकरणांमध्ये व्होल्टेजची वाटणी भाराप्रमाणे होऊ लागते. कमी भाराच्या बाजूला ते वाढते आणि जास्त भाराच्या बाजूला घटते. थ्रीफेज पुरवठ्यात 230 व्होल्टच्या उपकरणावर जवळजवळ 400 व्होल्ट येऊ शकतात. प्रवाह एमसीबी पडण्याइतका वाढत नाही आणि गळतीही होत नाही, त्यामुळे एमसीबी व आरसीसीबी दोन्ही स्वस्थ राहतात. माझ्या स्वतःच्या घरी असे घडले तेव्हा, या कामात आयुष्य घालवूनही, मी आधी दिव्याकडे पाहत राहिलो आणि त्या अर्ध्या मिनिटात एक उपकरण गमावले. म्हणून घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, मेन स्विच कुठे आहे हे माहीत असावे आणि तिथवरची वाट सामानाने अडवलेली नसावी, असे मी कळकळीने सांगतो.

न्यूट्रल मीटरच्या अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला, सुटला असेल तर काम वायरमनचे. मीटरमध्ये किंवा त्यापलीकडे सुटला असेल तर वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेचे. कळवायचे दोघांनाही, पण मीटरचे सील वायरमनला तोडू देऊ नये. फोनवर “लाइट बिघडली आहे” एवढेच न सांगता काय दिसले, कसला वास आला, काय बंद केले आहे आणि घरात इन्व्हर्टर आहे का, हे सांगितले तर येणारा माणूस योग्य साहित्य घेऊन येतो.

रात्री कोणत्या कारणासाठी बोलवावे, हेही सांगतो. जळका वास, बोर्डमधून तडतड, गरम झालेला प्लग, धातूला हात लावल्यावर बसणारा झटका, बोर्डमध्ये शिरलेले पाणी आणि वर सांगितलेले व्होल्टेजचे चढउतार ही थांबण्याजोगी कामे नाहीत. मात्र एखाद्या खोलीचा एमसीबी पडला आणि पुन्हा वर केल्यावर परत पडला, तर तो तसाच खाली ठेवून सकाळपर्यंत थांबता येते. तो पुनःपुन्हा वर करत राहू नये. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाकडून अंधारात घाईने जोड करून घेण्यापेक्षा ते बरे. आग लागली तर मेन बंद करावा, पाणी टाकू नये, आग लहान असेल तरच कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे, अन्यथा बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर पुरवठा तोडण्यापूर्वी त्याला स्पर्श करू नये. पुरवठा तोडल्यावर तो निपचित असेल आणि श्वास चालत नसेल, तर रुग्णवाहिका बोलावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहावे.

प्रश्न : न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, जुन्या घरात एवढे चालायचेच.

असे मुळीच चालत नाही. साधारण 1 मिलिअँपिअर प्रवाहाची माणसाला जाणीव होऊ लागते, म्हणजे झिणझिण्या येतात तेव्हा तुमच्या शरीरातून वीज वाहू लागलेली असते. कोरड्या हाताला जे नुसते जाणवते, तेच ओल्या अंगाला आणि अनवाणी पायांना कितीतरी पटींनी जास्त बसते, कारण त्वचा भिजली की तिचा रोध घसरतो. गीझरमध्ये गळती आहे आणि तिला जमिनीत वाट काढून देणारे अर्थिंग कुठेतरी तुटले आहे, अशी शक्यता इथे सर्वांत आधी तपासावी लागेल. गीझरचा एमसीबी बंद करा, आरसीसीबी आहे का ते पाहा आणि प्लगपासून मेन बोर्डपर्यंत अर्थिंगची अखंडता मोजून देणारा दुसरा वायरमन बोलवा. तो मोजमाप दाखवेपर्यंत त्या न्हाणीघरात कोणीही आंघोळ करू नये.