पॅरिस झालं, आता खेडी कुठली पाहायची?

प्रश्न: नमस्कार दादा, पोरगी पॅरिसला नोकरीला आहे, मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे चाललो. टॉवर-बिवर ती दाखवीनच, पण यांना तिकडची जुनी खेडी पाहायची लय हौस आहे. चार दिवसांत किती गावं होतील? आम्ही शुद्ध शाकाहारी. - एक वाचक, दारव्हा

उत्तर: ताई, चार दिवसांत दोनच गावं करा, पण मुक्काम करून करा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्रिवची ट्रेन धरा, चार-साडेचार तास लागतात, तिथून वीसेक किलोमीटरवर कोलाँज-ला-रूज. अख्खं गाव लाल दगडाचं, घरं लाल, बुरूज लाल, चर्चही लाल. मी गेलो तेव्हा नुकतीच सर येऊन गेली होती अन् भिंती ओल्या विटेसारख्या दिसून राहिल्या होत्या, हात लावला तर दगड खरबरीत, वाळूचाच. जुन्या बाजाराच्या छपराखाली गावकीची भाकरी भाजायची भट्टी अजून आहे, तिच्यापुढं मी बराच वेळ बसलो.

हे गाव असं टिकलं कसं ते यांना नक्की सांगा. पोरं शहरात गेली, घरं ओस पडू लागली, आपल्याकडे आज वाडे पडून राहिले तसंच. मग 1982 मध्ये तिथले मेयर शार्ल सेरॅक यांनी फ्रान्समधल्या सुंदर गावांची संघटनाच उभी केली. लोकवस्ती 2000 च्या आत पाहिजे अन् किमान दोन संरक्षित वास्तू किंवा जागा पाहिजे, तरच गाव यादीत येते. आज पावणेदोनशेच्या वर गावं आहेत त्यात. आपल्याकडे असं कोणी मनावर घ्यावं असं मला फार वाटते.

दुसरं गाव जवळचंच, तुरेन, टेकडीवर किल्ला आहे. चढ आहे, गुडघे दुखत असतील तर सकाळीच चढा. बसचं काही खरं नाही, पोरीला गाडी भाड्यानं घ्यायला सांगा. दुपारी दुकानं बंद राहतात, 1 अन् 8 मे ला तर सुट्टीच. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा, त्याशिवाय बोलणं सुरूच करायचं नाही तिकडे.

जेवणाचं मात्र सांभाळा, बदकाचं मांस फार चालते, सॅलडमध्येही डुकराचे तुकडे असतात, म्हणून ऑर्डरच्या आधीच विचारून घ्या. ब्रेड, अक्रोड, फळं भरपूर मिळतात. जवसाची चटणी न्या बिनधास्त, पण पोरीसाठी तूप-पेढे बांधू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.