प्रीमियर पद्मिनी गाडी उन्हात बंद पडते तं आधी हे बघ

भाऊ, कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) उघडायची घाई नको करू. सकाळी मस्त चालते अन् दुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर मरते म्हणतो, तं मे महिन्यातल्या 45 डिग्रीत पहिला संशय व्हेपर लॉकचा, म्हणजे इंजिनच्या गरमीनं पाइपातच पेट्रोलची वाफ होते अन् पंप बिचारा वाफच ओढत बसते. पंपावर ओला फडका ठेव, थोडं थांब, चालू झाली तं समजलं.

थंड असतानाही नाटकं करत असंल तं इंजिन पूर्ण गार होऊ दे, कॉइलची (ठिणगीला करंट देणारी) वायर काढ, कार्बोरेटरकडचा पाइप प्लास्टिकच्या बाटलीत धर अन् कोणाला तरी सेल्फ मारायला सांग (बिडीवाल्या मित्राला नको). पेट्रोल पिचकारीसारखं ठोके देत आलं पाहिजे. नुसते थेंब आले तं फिल्टर बघ, टाकीचं झाकण ढिलं करून बघ, अन् रबरी पाइप तं वाकवूनच बघ, वरून चांगला दिसते पण वाकवला की बारीक चिरा दिसतात, तिथून पेट्रोल नाही गळलं तरी पंप हवा ओढते. ई20 (20 टक्के इथॅनॉल मिसळलेलं पेट्रोल) जुन्या रबराला खाते, म्हणून इथॅनॉल चालणाराच पाइप घे.

अन् हो, डिपस्टिकचा (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीचा) वास घे. ऑइलला पेट्रोलचा वास आला तं पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटला असंल, मग गाडी चालवूच नको, पंपाची किट टाक अन् ऑइलही बदल.