खांब दोन मिलिमीटरचा, तारा पाच

मागच्या वेळी मॉडेल रेल्वेसाठी एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणातला चार दिव्यांचा सिग्नल घरी कसा करायचा ते लिहिलं होतं. त्यावर आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न तारेबद्दल आहेत. एलईडी, खांब, रंग सगळं जमतं आणि घोडं तारेपाशी अडतं. म्हणून आज फक्त तार.

प्रश्न : माझी पितळी नळी बाहेरून २ मिमी आणि आतून दीड मिमी आहे. दुकानातून ४४ नंबरची इनॅमल (लाखेचा लेप असलेली तांब्याची) तार आणली, पण ओवतानाच तुटते. कोणती घेऊ? (डोंबिवली)

४० नंबर घ्या. हात अजून बसला नसेल तर ३८. आपल्याकडे वाइंडिंगची तार एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश वायर गेजच्या, नंबरावर मिळते आणि नंबर वाढला की तार बारीक होते. ३८ नंबरचं तांबं ०.१५२ मिमी, ४० चं ०.१२२ आणि तुमच्या ४४ चं जेमतेम ०.०८१ मिमी. ४४ नंबरची तार शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या ओढीला तुटते, ४० नंबर साधारण अडीचशे ग्रॅम सोसते. ओवताना हाच फरक कळतो.

जागेची काळजी नको. आपल्या चार दिव्यांच्या सिग्नलात वरून पिवळा, हिरवा, पिवळा आणि सगळ्यात खाली लाल. दुहेरी पिवळा दाखवायचा तर वरचा पिवळा स्वतंत्र हवाच. म्हणजे चार तारा दिव्यांच्या आणि एक सामाईक. लाखेसकट ३८ नंबरच्या पाच ताराही दीड मिलिमीटरच्या भोकात आरामात मावतात.

एवढ्या बारीक तारेत वीज अडेल, ही भीती बऱ्याच जणांनी लिहिली आहे. हिशेब करून बघा. ४० नंबरच्या तारेचा रोध मीटरला दीड ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन ६० सेंमी तार धरली तरी एक ओहमही भरत नाही आणि पुढे तुम्ही २२०० ओहमचा रेझिस्टर लावलेला असतो.

खरा शत्रू आहे नळीची कड. कापलेल्या नळीचं तोंड ब्लेडसारखं असतं, तार ओढली की लाख सोलून निघते. माझ्या पहिल्या सिग्नलला लाल आणि हिरवा एकदम लागायचे. दोन दिवस मी स्विचला शिव्या घातल्या, दोष दोन सोललेल्या तारांचा होता. बारीक गोल कानशीने आतली कड मारा, मगच ओवा. नळीलाच सामाईक तार करून एक तार वाचवता येते, पण मग एखाद्या तारेवरचा एक ओरखडासुद्धा तिचा दिवा विझवतो. मी ते करत नाही.

प्रश्न : ओळखीच्या मोटार वाइंडिंगवाल्याने तार फुकट दिली. तिला सोल्डर धरतच नाही. सोल्डर धरावं म्हणून लावतात तो फ्लक्सही लावून झाला. (कोल्हापूर)

तार फुकट मिळाली, पण तुमच्या कामाची नाही. मोटार तापते, म्हणून तिच्या तारेवरचा लेप उष्णतेला दाद न देणारा असतो. तो इस्त्रीने, म्हणजे आपल्या सोल्डरिंग आयर्नने, जळत नाही. आपल्याला हवा पॉलियुरेथेनचा लेप. तो ३७५ ते ४०० अंशांना वितळून बाजूला होतो. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक तीन-चार सेकंद बुडवा, तार चकचकीत झाली की काम झालं. दुकानात नुसती ‘चाळीस नंबर’ मागू नका, ‘थेट सोल्डर होणारी’ असं विचारा आणि वीतभर तुकडा घरी तपासल्याशिवाय अख्खं रीळ घेऊ नका. माझ्या मते नंबरापेक्षा हा लेप महत्त्वाचा. नंबर चुकला तर चालवून घेता येतं, लेप चुकला तर प्रत्येक टाक्याला रडायची पाळी.

आणलेली तारच वापरायची असेल, तर बारीक पॉलिश पेपर दुमडून, मध्ये तार धरून हलक्या हाताने फिरवा. ब्लेडने खरवडू नका, खाच पडते आणि तार तिथेच तुटते. ॲस्पिरिनच्या गोळीवर आयर्न टेकवून लाख काढायची जुनी युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. पॉलियुरेथेनचा धूरही चांगला नाही, खिडकी उघडी हवी.

प्रश्न : इथे दुकानात ४० गेज मागितली तर मिळालेली तार केसासारखी निघाली. (न्यू जर्सी)

तुमचा गेज अमेरिकन, आमचा ब्रिटिश. अमेरिकन ४० म्हणजे ०.०८० मिमी, म्हणजे आमची ४४ च. तिकडे ३६ मागा, ती ०.१२७ मिमी असते. मिलिमीटरमध्येच बोललेलं बरं.

प्रश्न : पाचही तारा तांबूस. खालून कोणती कुठली, कसं ओळखायचं? (नाशिक)

ओवण्याआधीच दोन्ही टोकांना नेलपॉलिशचे ठिपके द्या, एक, दोन, तीन असे. घरात रंग असतातच. ठिपके द्यायचे राहून गेले असतील तर तीन व्होल्टचा बटण सेल टेकवून बघा. लाल आणि पिवळा लगेच लागतील, हिरवा कदाचित मिणमिणेल.

प्रश्न : हीच तार थेट कंट्रोल पॅनेलपर्यंत नेली तर? (पुणे)

नको. बेसबोर्डखाली, म्हणजे मॉडेलच्या फळीखाली, हात घातला की पहिली तुटते तीच. सिग्नलच्या अगदी खाली प्लायला पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) बोटभर तुकडा चिकटवा, बारीक तारा त्यावर संपवा, रेझिस्टरही तिथेच लावा आणि पुढे साधी ७/३६ (३६ नंबरच्या सात तारांची) हूकअप वायर न्या. खाली तारेला एखादं सैल वेटोळं ठेवा, म्हणजे सिग्नल धक्क्याने हलला तरी टाका ओढला जात नाही.

रेझिस्टरचं निघालंच आहे तर, १२ व्होल्टला लाल आणि पिवळ्याला २.२ किलोओहम ठीक. आजचे हिरवे एलईडी मात्र फार उजळ असतात. त्यांना १० किलोओहमपासून सुरुवात करा, खोलीतला दिवा घालवा आणि चारही रंग सारखे दिसेपर्यंत बदलत राहा.