ड्रॉइंग बेताचं असेल तर फाइन ज्वेलरी डिझायनर होता येतं का?

हो, येतं. मी अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांच्या वसाहतीत, 11 वर्षं सेटिंग करतोय, म्हणजे दागिन्यात खडे बसवतोय, डिझायनरनं कागदावर काढलेलं शेवटी आमच्याच टेबलावर येतं, त्यामुळे तुम्ही जे विचारलंय की हात चित्रकलेचा नाही आणि डिझाइन कॉलेजची फी झेपत नाही तर हा नाद सोडू का, त्याला माझं सरळ उत्तर आहे की सोडू नका आणि आधी वॉलेस चान या माणसाचं काम बघा.

हा हाँगकाँगचा दागिने घडवणारा कलाकार. जन्म 1956 चा, चीनमधल्या फुझौचा, लहानपणीच हाँगकाँगला आला, घरी गरिबी एवढी की 13 व्या वर्षी शाळा सुटली. 1973 ला खडे कोरायच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ लागला आणि पुढच्याच वर्षी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. डिग्री वगैरे काही नाही.

1987 मध्ये त्यानं जे काढलं त्याला वॉलेस कट म्हणतात. पारदर्शक खड्याच्या पाठीमागून आत एक चेहरा कोरायचा, पुढून बघितलं की पैलूंमध्ये त्याची प्रतिबिंबं पडून एकाचे पाच चेहरे दिसतात. मागून कोरायचं म्हणजे सगळं उलटं, डावं ते उजवं, आणि नाक जे पुढे आलेलं दिसायला हवं तेच सगळ्यात खोल खणायचं. बाजारातल्या टूल्सनी एवढं बारीक काम होईना म्हणून पठ्ठ्यानं दातांच्या डॉक्टरांचं ड्रिल घेऊन त्यात बदल केले, त्यासाठी मशीन शॉपमध्ये जाऊन टूल बनवायला शिकला. मग खडा तापून तडकायला लागला, तर काम पाण्याखाली नेलं. पण पाण्यात कोरताना नीट दिसत नाही, म्हणून थोडंसं कोरायचं, बाहेर काढायचं, पुसायचं, बघायचं, परत पाण्यात. माझ्या हातून एकदा प्रॉंग, म्हणजे खडा धरून ठेवणारा धातूचा काटा, दाबताना पन्ना गेला होता, कोपऱ्यातून बारीक कट् असा आवाज आला आणि पोटात गोळाच आला, त्यामुळे हे पुसून बघणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

पुढे मध्येच सगळं सोडून सहा महिने भिक्षू होऊन राहिला, आणि परत आल्यावर टायटॅनियमच्या मागे लागला. आठ वर्षं! हा धातू सोन्यासारखा वळत नाही, वितळायला 1,668 अंश लागतात (सोनं 1,064 ला वितळतं), पण वजन शुद्ध सोन्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी आणि करंट देऊन त्याच्यावर निळे-जांभळे रंग आणता येतात. आपल्याकडे जड झुमक्यांनी कानाची पाळी ओघळू नये म्हणून वेल लावून भार केसांवर घेतात ना, त्यानं तो भार धातूतूनच कमी केला, म्हणून त्याची तळहाताएवढी फुलपाखरं अंगावर घालता येतात. 2007 ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रदर्शनात ते दागिने आले, 2012 ला पॅरिसच्या बिएनाले या मोठ्या प्रदर्शनात गेला, 2018 ला स्वतः तयार केलेलं, सहजासहजी न फुटणारं पोर्सिलेन (चिनी माती) आणलं.

तर तुमच्यासाठी, कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं शिका, त्याला ड्रॉइंगचा हात लागत नाही आणि नोकरीही त्यावरच मिळते. पण त्याच्या आधी एखाद्या कारीगराच्या शेजारी सहा महिने बसायला मिळालं तर बसाच, पगार कमी असला तरी. तोपर्यंत झवेरी बाजारातून कार्व्हिंगचं हिरवं वॅक्स (दागिन्याचा नमुना कोरायचं कडक मेण) आणि दोन-तीन फायली (घासायच्या कानशी) आणा, आणि घरातली कुठलीही साधी अंगठी समोर ठेवून त्या वॅक्सची हुबेहूब तशीच करून बघा, पहिल्या पाच-सहा तुटतील.