रांगेतली यादी रिकामी का होते?

प्रश्न : पायथन ही संगणकभाषा आणि खिडक्या दाखवणारे तिचे टीकिंटर हे साधन वापरून केलेल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये एक थ्रेड (मुख्य कामाबरोबर समांतर चालणारा कामाचा धागा) फाइली वाचतो, नोंदींची यादी 'क्यू'मध्ये (थ्रेडमधील देवाणघेवाणीच्या रांगेत) टाकतो आणि पुढच्या फाइलीसाठी ती यादी 'क्लिअर' (रिकामी) करतो. खिडकीत मात्र पुष्कळदा रिकामी यादीच दिसते. असे का व्हावे?

उत्तर : रांगेचा यात दोष नाही. रांगेत यादीची प्रत जात नसून केवळ तिचा संदर्भ (त्याच यादीकडे नेणारा दुवा) जातो, त्यामुळे खिडकी चालवणाऱ्या मुख्य थ्रेडने ती उचलण्यापूर्वीच आपण तिच्यातील मजकूर पुसून टाकलेला असतो. प्रत्येक फाइलीसाठी नवी यादी करावी. मी स्वतः टपल (बदलता न येणारी यादी) पाठवणे पसंत करतो. मुख्य थ्रेडने 'आफ्टर'च्या (ठरावीक वेळाने काम करवून घेणाऱ्या टीकिंटरच्या आज्ञेच्या) साहाय्याने दर 100 मिलिसेकंदांनी 'गेट_नोवेट' (वाट न पाहता रांगेतून घेणारी आज्ञा) वापरून रांग उपसावी, कारण तेथे साधे, वाट पाहत थांबणारे 'गेट' वापरल्यास रांग रिकामी असताना खिडकी गोठते.