ओव्हरटाइमचे पैसे मिळत नाहीत, सुट्टी ऐन वेळी रद्द होते. साहेबांकडे तक्रार कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सुटायच्या वेळेनंतरही थांबवून घेतात, त्याचे पैसे पगारात दिसत नाहीत, रविवारची सुट्टी शनिवारी संध्याकाळी रद्द होते आणि बोललं तर साहेब मनात धरतील अशी भीती वाटते. मी अंधेरीत एका पॅकिंग युनिटमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. माझ्याकडे अशा तक्रारी येतात, त्यामुळे या बाजूने काय दिसतं ते सांगते.

शिफ्ट बदलताना, चारचौघांसमोर विषय काढू नका. तेव्हा साहेबांचं सगळं लक्ष डिस्पॅचच्या गाडीकडे असतं आणि लोकांसमोर कोणी माघार घेत नाही. "साहेब, ओव्हरटाइमबद्दल दहा मिनिटं बोलायचंय, आज बोलू की उद्या?" एवढंच विचारा.

"नेहमीच असं होतं" या वाक्याने काही हलत नाही. तारखांनी हलतं. आजपासून डायरीत लिहा: पंच किती वाजता केलं, सुटलात किती वाजता, थांबायला कोणी सांगितलं. सुट्टी रद्द केल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका. माझ्यासमोर कोणी तारीख-वेळ लिहिलेला कागद ठेवला की तो मला मस्टरशी ताडून बघावाच लागतो. शिवाय बऱ्याच सुपरवायझरांना ओव्हरटाइम मंजूर करायचा अधिकारच नसतो. वर मॅनेजरकडे भांडायला आम्हालाही काहीतरी हातात लागतं, आणि तो कागदच आमच्या कामी येतो.

मागणीही नेमकी ठेवा. कारखान्यात ठरलेल्या तासांच्या वर काम झालं तर कायद्याने दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. म्हणून "या महिन्याचे इतके तास पुढच्या पगारात धरा, आणि सुट्टी रद्द करायची असेल तर बदली सुट्टी कधी ते त्याच वेळी सांगा", असं बोला. मग त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे तपशील सोबत जोडला आहे. अमुक तारखेपर्यंत कळवावं ही विनंती." भाषा साधी ठेवा, धमकी नको. तोंडी बोलणं महिनाभराने कोणाला आठवत नाही, मेल मात्र राहतो.

भीतीचं म्हणाल तर एकटे जाऊ नका. हाच त्रास असलेले दोघं-तिघं मिळून सही करा. निनावी चिठ्ठी टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. चिठ्ठी कोणी लिहिली याचीच चर्चा होते आणि मूळ विषय बाजूला पडतो.

उत्तर आलं नाही तर तोच मेल एचआरला पाठवा. 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यात निम्मे प्रतिनिधी कामगारांचे असतात. समितीवर कोण आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

एका बाबतीत मात्र साहेबांकडे आधी जायची अजिबात गरज नाही. बाईमाणसाला लैंगिक त्रास होत असेल तर थेट अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुमच्या ओळखीत कोणी अशी असेल तर तिला हे आजच सांगा.

आतून काहीच झालं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जाताना नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, डायरीच्या पानांची झेरॉक्स आणि मेलच्या प्रती न्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि तुमच्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.